निवडणुकीत ढवळाढवळ केली म्हणून पार्टीनंच दिवाणी दावा टाकला, त्यात दम होता का?

उदगीरचा_पोरगा:

राम राम मंडळी. नांदेडला लॉ करायलोय, दुसरं वर्ष. सरांनी मूट कोर्टला (लुटुपुटीच्या कोर्टातल्या युक्तिवादाला) अमेरिकेतलं मॅटर दिलंय अन् डोकं गरगरायलंय नुसतं. तिथल्या डेमोक्रॅटिक पार्टीच्या नॅशनल कमिटीनं, डीएनसी म्हणतात तिला, २० एप्रिल २०१८ ला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दिवाणी दावा टाकला. प्रतिवादी कोण तर रशिया देश स्वतः, त्यांची जीआरयू नावाची लष्करी गुप्तचर यंत्रणा, गुप्त कागद छापणारी विकिलीक्स वेबसाइट, तिचा संस्थापक असांज, ट्रम्पची प्रचार कमिटी, ट्रम्पचा मोठा पोरगा, जावई कुशनर, प्रचारप्रमुख राहिलेला मॅनाफोर्ट, ट्रम्पचा जुना सल्लागार रॉजर स्टोन अन् अजून बरेच. म्हणणं असं की २०१६ च्या निवडणुकीच्या टायमाला आमचे सर्व्हर फोडले, मेल चोरले, ते विकिलीक्सनं जगजाहीर केले अन् ट्रम्पच्या माणसांनी त्यात हात मिळवला, सबब नुकसानभरपाई द्या.

मला कळंना गेलंय ते हे की जुलै २०१८ मधे या ढवळाढवळीचा तपास करणाऱ्या विशेष सरकारी वकील म्युलरनं जीआरयूच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं, म्हणजे चोरी झाली असं सरकारच म्हणायलंय. ९ जून २०१६ ला ट्रम्प टॉवरमधे पोरगा, जावई अन् मॅनाफोर्ट त्या रशियन वकीलबाईला भेटले हे त्यांनी पण नाकारलं नाही. तरी ३० जुलै २०१९ ला जज कोएल्टल यांनी दावा उडवला, एक साक्षीदार न तपासता! कामून? मला पार्टीच्या बाजूनं बोलायचंय. अन् आपल्याकडं चोरीचं सोयाबीन घेतलं तर आडत्या पण अडकतो की, मंग चोरीचे मेल घेणारा विकिलीक्स कसा काय सुटला?

गंगाखेडचे_वकील:

पोरा, दावा उडला म्हणजे घटना खोटी ठरली हे आधी डोक्यातून काढ. साक्षीपुरावा न घेता उडवला म्हणजे आपल्या बार रूमच्या भाषेत ऑर्डर सात रूल अकरा झालं. तिथं त्याला मोशन टू डिसमिस म्हणतात, तंतोतंत एक नाही पण जवळपास तेच. त्यात जज दाव्याचा कागद बघतो, त्यातल्या घटना खऱ्या धरतो अन् मग विचारतो की बाबा हे समदं खरं असलं तरी कायद्यानं तुला या माणसाकडून काही मिळतंय का. कोएल्टल यांनी ८१ पानं लिहून सांगितलं, नाही मिळत. म्युलरचा रिपोर्ट एप्रिल २०१९ ला आला, त्यात ट्रम्पच्या प्रचारवाल्यांनी रशियासोबत कट केल्याचं सिद्ध झालं नाही असं होतं, अन् लोकं या दोन्हीची खिचडी करतात. हा निकाल त्या रिपोर्टवर उभा नाही, पार्टीनं स्वतः लिहिलेल्या कागदावर उभा आहे. तो पण पहिला कागद नाही बरं का, दोनदा दुरुस्त करून तिसऱ्यांदा मांडलेला.

आता खरी मेख. प्रतिवादी दोन प्रकारचे हायेत. एक चोरी करणारे, म्हणजे रशिया. दुसरे चोरीच्या मालाचा फायदा घेतलेले, म्हणजे बाकी सगळे. रशियावर दावा चालत नाही कारण ते परकं राष्ट्र, १९७६ च्या फॉरेन सॉव्हरिन इम्युनिटीज ॲक्टनं त्याला कवच दिलंय अन् त्या कवचाला जी भोकं ठेवलीत त्यात हे प्रकरण बसंना. बाकीच्यांवर दावा चालतो, पण त्यांनी सर्व्हर फोडला किंवा फोडायला मदत केली असं पार्टीच्या कागदात कुठंच नाही. भेटीगाठी, फोन, निरोप, मेल, सगळं हाय. चोरीत हात होता हे एक वाक्य नाही. ज्यानं केलं त्याला धरता येईना अन् ज्याला धरता येतंय त्यानं ते केलेलं नाही, या फटीत दावा गेला.

सोयाबीनचं म्हणशील तर सोयाबीन ही वस्तू आहे, आडत्याकडं गेलं की शेतकऱ्याकडं राहत नाही. मेल ही माहिती आहे अन् माहिती लोकांच्या कामाची असंल तर तिथली पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे बोलण्या-छापण्याचं स्वातंत्र्य, आडवी येते. २००१ चा बार्टनिकी विरुद्ध व्हॉपर वाच. पेनसिल्व्हेनियात मास्तरांच्या पगाराची बोलणी चालू होती, संघटनेच्या दोघांचं मोबाईलवरचं बोलणं कुणीतरी चोरून रेकॉर्ड केलं, ती टेप एकाच्या टपालपेटीत येऊन पडली, तिथून व्हॉपर नावाच्या रेडिओवाल्याकडं गेली अन् त्यानं वाजवली. सुप्रीम कोर्ट म्हणलं रेकॉर्ड करणारा दोषी, पण ज्याचा रेकॉर्डिंगमधे हात नव्हता अन् विषय सार्वजनिक होता त्याला वाजवल्याबद्दल शिक्षा नाही. कोएल्टल यांनी तोच धागा पकडला. वर अजून म्हणले की चोरी होऊन गेल्यावर चोराकडं कागद मागितले तरी पत्रकार चोर होत नाही. डीएनसीचं म्हणणं होतं की आमची निवडणुकीची रणनीती, देणगीदारांचा हिशेब ही व्यापारी गुपितं आहेत. जज म्हणले तसं धरलं तर उद्या कुठलंही वर्तमानपत्र अडकंल, कुणीही आपल्या कागदावर गुपित असा शिक्का मारावा अन् दावा ठोकावा.

मोंढा_नाका_जालना:

ओ वकीलसाहेब एवढं कशाला लिहायलाव, निस्ता स्टंट होता तो. हरले ते हरले, पार्टीचे पैसे गोळा करायला अन् टीव्हीवर दिसायला दावा टाकला. दुसरं म्हणजे डिस्कव्हरी. दावा एकदा चालू झाला की समोरच्याचे मेल, डायऱ्या, हिशेब सगळे मागता येतेत, तेच पायजे होतं त्यांना. आपल्याकडं ग्रामपंचायतीत पडलेला गडी दुसऱ्या दिवशी मतमोजणीवर अर्ज देतो तसलं काम. अन् जज पण कुणीतरी नेमलेलाच असतो की, तिकडं तर राष्ट्राध्यक्ष नेमतो.

खंडपीठवाली_ताई:

जालनेकर भाऊ, जजला कोणी नेमलं ते तुम्हीच काढलं म्हणून सांगते. कोएल्टल यांना बिल क्लिंटन यांनी १९९४ मधे नेमलं, म्हणजे डेमोक्रॅटच्या राष्ट्राध्यक्षानं. आणि तरुणपणी ते वॉटरगेटच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या काळात डेमोक्रॅटिक पार्टीच्या ऑफिसात झालेल्या घुसखोरीच्या प्रकरणातल्या, विशेष सरकारी वकिलांच्या टीममधे होते. निक्सनच्या माणसांच्या मागं लागलेला माणूस हा, त्यानंच डेमोक्रॅटिक पार्टीचा दावा उडवला, त्यामुळं तो तर्क इथं चालत नाही. ट्रम्पनं सुद्धा निकालानंतर क्लिंटनचा जज, क्लिंटनचा जज करत स्वतःची पाठ थोपटून घेतली.

स्टंटबद्दल मात्र अर्धं तुमचं, अर्धं माझं. डिस्कव्हरीचा लोभ असणारच, कुठल्या वादीला नसतो. पण ट्रम्पच्या कमिटीनं तिथल्या रूल ११ खाली (वकीलसाहेबांनी सांगितलेला आपला रूल अकरा वेगळा) अर्ज दिला होता की हा दावा बिनबुडाचा आहे, पार्टीला दंड करा, आणि जजनी दावा उडवून सुद्धा तो अर्ज नाकारला. ही एक ओळ मूटला सोन्यासारखी आहे, उदगीरकर, लिहून ठेव. दावा हरणं आणि दावा फालतू असणं यातला फरक तिथं दिसतो.

फालतू कशाला म्हणतात ते बघायचं तर उलटा दावा बघ. मार्च २०२२ मधे ट्रम्पनं फ्लोरिडात हिलरी क्लिंटन, डीएनसी आणि बाकी बऱ्याच जणांवर दावा टाकला, की यांनी माझं रशियाशी नातं आहे अशी खोटी कहाणी रचली. डीएनसीनं लावला होता तोच रिको हा टोळ्यांविरुद्धचा कायदा, तीच कटाची भाषा. जज मिडलब्रुक्स यांनी सप्टेंबर २०२२ मधे तो उडवला आणि जानेवारी २०२३ मधे ट्रम्प आणि त्यांच्या वकीलबाईंवर मिळून सुमारे ९ लाख ३८ हजार डॉलर बसवले. दोन्ही पार्ट्या, दोन्ही दावे पहिल्याच पायरीवर गेले, पण एकाला दंड नाही आणि दुसऱ्याला एवढा मोठा. (आपल्याकडं खोट्या दाव्याला दिवाणी संहितेच्या कलम ३५ अ खाली भरपाई जास्तीत जास्त ३,००० रुपये. तीन हजार! पक्षकाराला सांगितलं की तो हसतो.)

सर्व्हरवाला_गारखेडा:

वकील लोकांना सर्व्हरचं दुःख कळत नाही म्हणून मी मधे पडायलोय. माझं कामच ते. नुकसान झालं नव्हतं असं कुणी म्हणू नये, दाव्यातच लिहिलंय की १४० च्या वर सर्व्हर बंद करून टाकावे लागले, १८० च्या वर कॉम्प्युटर ऑपरेटिंग सिस्टीमसकट पुसून परत भरावे लागले अन् ११ सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले, ते पण ऐन निवडणुकीच्या वर्षात. ज्यानं एकदा रात्रभर बसून एक सर्व्हर परत उभा केलाय त्यानं १४० चा आकडा वाचावा. अन् एक नाही दोन टोळ्या आत होत्या, पहिली २०१५ च्या उन्हाळ्यापासून अन् दुसरी, म्हणजे ही जीआरयूवाली, एप्रिल २०१६ पासून. २२ जुलै २०१६ ला, पार्टीचं अधिवेशन तोंडावर असताना, विकिलीक्सनं १९ हजारावर मेल टाकले, पार्टीच्याच उमेदवारीसाठी लढलेल्या सँडर्सच्या विरोधातली पार्टीच्या आतली कुजबुज बाहेर आली अन् अध्यक्षीणबाईला राजीनामा द्यावा लागला. यात दम नाही तर कशात हाय?

मला जो भाग पटतच नाही तो रशियाच्या कवचाचा. परक्या देशानं अमेरिकेत नुकसान केलं तर दावा चालतो असं एक भोक त्या कायद्यात हाय, पण कोर्ट म्हणतेत की सगळंच्या सगळं कृत्य अमेरिकेच्या हद्दीत झालेलं पायजे. बोटं मॉस्कोत कीबोर्डवर हलली म्हणून नाही चालणार. अरे पण सर्व्हर वॉशिंग्टनात! आरोपपत्रात तर लिहिलंय की चोरीचा माल आधी इलिनॉयमधे भाड्यानं घेतलेल्या कॉम्प्युटरवर गेला अन् व्हायरसचं कंट्रोल पॅनल ॲरिझोनात होतं. अजून काय पायजे? त्या हिशोबानं माणूस पाठवून कुलूप तोडलं तर दावा चालणार अन् घरी बसून तोडलं तर नाही. मंग कोण कशाला माणूस पाठवील?

गंगाखेडचे_वकील:

सर्व्हरवाले, तुमचा राग रास्त हाय अन् तिथल्या बऱ्याच कायद्याच्या प्राध्यापकांना पण हेच खटकतं. पण कोएल्टल यांनी हे घरी बसून काढलेलं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०१७ मधे, वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात इथिओपियाचं मॅटर झालं होतं. अमेरिकेत राहणाऱ्या एका इथिओपियन वंशाच्या माणसाच्या कॉम्प्युटरमधे इथिओपिया सरकारनं हेरगिरीचं सॉफ्टवेअर घातलं, त्याचं स्काइपवरचं बोलणं ऐकलं असा आरोप. कोर्ट म्हणलं, बेत परदेशात, सॉफ्टवेअर परदेशातून सोडलं, म्हणून पूर्ण कृत्य इथलं नाही, दावा खारीज. एकटा माणूस, अमेरिकेच्या निवडणुकीशी संबंध नाही, तरी खारीज. न्यूयॉर्कच्या कोर्टावर वॉशिंग्टनचा निकाल बंधनकारक नाही हे खरं, पण वारं कुठल्या बाजूनं वाहत होतं ते त्यावरून कळतं.

त्याच्या मागं कारण पण हाय, अन् कारण कायद्याचं कमी, व्यवहाराचं जास्त हाय. अमेरिका स्वतः दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमधे काय काय करत असंल ते त्यांच्याच गुप्तचर खात्याचे कागद फोडणाऱ्या स्नोडेननं २०१३ मधे सांगितलंच. आपल्या कोर्टानं रशियाला खेचलं तर उद्या मॉस्कोच्या कोर्टात आपण. रशियानं पण हेच कळवलं होतं, वकील उभा केलाच नाही, निस्तं एक लेखी निवेदन धाडलं की आम्हाला कवच हाय अन् लष्करी कारवाई तर त्याहून बाहेरची गोष्ट. तसं बघितलं तर हजर न झाल्याबद्दल एकतर्फी हुकूम मागायला जागा होती, पण कोर्टाला अधिकारच नसंल तर एकतर्फी तरी कसा देणार. विकिलीक्सचं तर अजूनच भारी, नोटीस बजावायला पत्ता सापडंना म्हणून जजच्या परवानगीनं ट्विटरवर नोटीस बजावली. आपला बेलीफ दारावर डकवतो तसंच म्हणा की.

उदगीरचा_पोरगा:

वकीलसाहेब, ताई, लई उपकार. अजून दोन शंका. एक, दाव्यात १९७२ च्या वॉटरगेटचा दाखला दिलाय की तव्हा पण आमच्याच पार्टीनं दावा टाकला होता अन् पैसे मिळाले होते. मंग तो दावा चालला अन् हा कामून नाही? दुसरी, हे असं आपल्याकडं झालं तर पार्टीला दावा टाकता येईल का?

खंडपीठवाली_ताई:

वॉटरगेटचं सोपं आहे. १७ जून १९७२ ला पार्टीच्या ऑफिसात माणसं घुसली ती हाडामासाची, अमेरिकेतलीच, जागेवर पकडलेली आणि त्यांच्यापैकी एक जण तर निक्सनच्या प्रचार कमिटीच्या पगारावर होता. तीन दिवसांत पार्टीनं दहा लाख डॉलरचा दावा टाकला आणि १९७४ मधे साडेसात लाखांवर तडजोड झाली. तिथं चोर आणि फायदा घेणारा एकाच कमिटीतले, मधे सार्वभौम राष्ट्राची भिंत नव्हती. २०१६ मधे तेच दोघं वेगळे झाले. डीएनसीच्या वकिलांनी ती दरी कटाच्या आरोपानं जोडायला बघितली, रिको लावला. रिको म्हणजे १९७० चा टोळ्यांविरुद्धचा कायदा, आपला मकोका त्याचाच चुलतभाऊ समज, फरक एवढा की तिथं दिवाणी दावा पण टाकता येतो आणि जिंकलं तर तिप्पट भरपाई. पण त्यासाठी टोळी दाखवावी लागते, एक ठरलेली, मिळून काम करणारी, चालू राहणारी. कोएल्टल यांना कागदात टोळी दिसली नाही. ज्याचे त्याचे हेतू असलेली बरीच माणसं दिसली, ज्यांना एकच निकाल हवा होता. माझं वैयक्तिक मत विचारशील तर रिको लावायलाच नको होता, त्यानं दावा जड झाला आणि टीव्हीवाल्यांना मथळा मिळाला, बस.

आपल्याकडचं. निवडणुकीचा निकालच चुकीचा म्हणायचं असेल तर दिवाणी दाव्याचं दारच बंद आहे. घटनेचं ३२९ ब आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८०, फक्त निवडणूक याचिका, ती पण हायकोर्टात, ४५ दिवसांच्या आत. आणि गंमत बघ, कलम ८१ प्रमाणं याचिका करणार कोण तर उमेदवार किंवा मतदार. पक्षाचं नावच नाही त्यात. मराठवाड्यातलं प्रकरण असलं तर आमच्या खंडपीठात दर निवडणुकीनंतर अशा याचिका येतात, बऱ्याचशा तर नेमका आरोप काय, कुणी, कधी, कुठं हे लिहिलं नाही म्हणूनच पडतात. तिकडं पण तेच झालं की! डीएनसीनं मात्र हुशारी केली होती, निवडणूक रद्द करा असं मागितलंच नाही, फक्त नुकसानभरपाई मागितली. मूटला कोणी म्हणलं की हे हरल्यामुळं निकाल फिरवायला बघत होते तर तिथंच अडव.

मोंढा_नाका_जालना:

ताई मग आपल्या एखाद्या पार्टीचा सर्व्हर कुणी फोडला तर तिनं काय करायचं, निस्तं बोंबलायचं?

खंडपीठवाली_ताई:

नाही हो भाऊ. आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ आहे, परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधे घुसलं, डेटा काढला तर नुकसानभरपाई. पण ५ कोटींपर्यंतचा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही, न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडं जायचं, आपल्या राज्यात ते म्हणजे मंत्रालयातले आयटी खात्याचे सचिव. म्हणजे सत्तेत जो पक्ष त्याच्याच सरकारच्या सचिवासमोर विरोधी पक्षानं जाऊन उभं राहायचं. तुम्हीच विचार करा. आणि फोडणारं परकं सरकार असलं तर दिवाणी संहितेचं कलम ८६, केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय परक्या राष्ट्रावर दावाच टाकता येत नाही. अमेरिकेत निदान जज ठरवतो कवच आहे का नाही, इथं आधी दिल्लीचा कागद आणायचा.

सर्व्हरवाला_गारखेडा:

म्हणजे इकडं तर दार पण नाही, भिंतच हाय.

गंगाखेडचे_वकील:

उदगीरकर, आता तुझ्या कामाचं. पार्टीच्या बाजूनं उभा राहायलास तर विकिलीक्सच्या मागं लागू नको, तिथं बार्टनिकी तुला उताणं पाडणार. रिको पण सोड. दोन गोष्टी धर. एक, सर्व्हरवाल्यांनी सांगितलं ते, की इलिनॉय अन् ॲरिझोनातली यंत्रं अमेरिकेच्याच जमिनीवर होती, म्हणून इथिओपियाच्या मॅटरपेक्षा हे वेगळं. तिथं माणसाच्या घरातला एकच कॉम्प्युटर होता, इथं चोराचं अर्धं दुकानच अमेरिकेत. दुसरं, एप्रिलपासून जूनपर्यंत चोर आतच होते, चोरी चालू होती, मग त्या काळात कोण कोणाला काय म्हणत होतं ते डिस्कव्हरीशिवाय वादीला कसं कळणार? जजनी कागद अपुरा म्हणला, पण तो पुरा करणारी कागदपत्रं समोरच्याच्या कपाटात होती. यावर समोरचा म्हणंल की मग तर कुणीही कुणावर अंदाजानं दावा टाकून कपाट उघडायला लावील. त्याला काय उत्तर द्यायचं ते तू शोध, मला पण अजून चांगलं सापडलेलं नाही.

खंडपीठवाली_ताई:

दुसरा मुद्दा मला पटत नाही वकीलसाहेब. कपाट बंद होतं म्हणून काय झालं, चोरीत हात होता असं लिहायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं, माहिती आणि विश्वासावरून असं म्हणून लिहिता आलं असतं, तेवढं सुद्धा लिहायची हिंमत तीन कागदांत झाली नाही. पहिल्या मुद्द्यावरच जोर दे रे, उदगीरकर.

उदगीरचा_पोरगा:

बरं ताई. इलिनॉय-ॲरिझोनावाला पहिला घेतो. ते १२ जणांचं आरोपपत्र वाचायला बसलोय आता, त्यातले पॅरे नंबर कुणी काढलेले असतील तर टाका इथं, सरांना नंबर लागतेत.

सर्व्हरवाला_गारखेडा:

ड्यूटीवरून आलो की काढून देतो, ॲरिझोनाचं मला लगेच सापडंल.